अक्षय्य तृतीयेला थांबवलेला बर्न

शनिवार ११ मे २०२४ ला दुपारी आमचा बर्न ठरलेला होता. बर्न म्हणजे उपग्रहाचं छोटंसं इंजिन काही मिनिटं चालवून त्याची कक्षा जरा वर उचलायची, कारण पाचशे किलोमीटरवर पण थोडी हवा असतेच आणि ती त्याला रोज किंचित किंचित खाली ओढत राहते. कंपनी पुण्यातली, छोटी, नाव सांगत नाही. उपग्रह पण छोटेच. मी तिथे स्पेस वेदर बघते, म्हणजे रोज सकाळी सूर्याचे ताजे फोटो, रात्रीतले फ्लेअर (सूर्यावरचे स्फोट), सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या कणांचा वेग, केपी (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती हललं त्याचा आकडा) किती गेला आणि पुढच्या तीन दिवसांत काय दिसतंय याचं पानभर बुलेटिन लिहून ऑप्सला, म्हणजे उपग्रह चालवणाऱ्या टीमला, पाठवते. बहुतेक दिवशी त्यात "शांत" सोडून काही नसतं आणि बहुतेक लोक ते उघडत पण नाहीत, मला रीड रिसीट दिसते.

त्या आठवड्यात मात्र उघडत होते. सूर्यावर ३६६४ नंबरचा एक डागांचा पुंजका होता, आठवड्याच्या सुरुवातीला बऱ्यापैकी साधा, आणि मग बघता बघता तो एवढा फुगला आणि शेजारच्या ३६६८ ला असा जाऊन चिकटला की दोन्ही मिळून पृथ्वीच्या व्यासाच्या पंधरा पट लांब पट्टा तयार झाला. नुसता मोठा असता तर एवढं काही नव्हतं. मोठे पण निवांत डाग मी पाहिलेत, ते इकडून तिकडे जातात आणि काही करत नाहीत. हा गुंतागुंतीचा होता, उत्तर आणि दक्षिण ध्रुव एकमेकांत घुसलेले, आणि असं काही सूर्याच्या बरोब्बर मध्यावर आलं की आमच्या पोटात गोळा येतो, कारण तिथून जे सुटतं ते सरळ आपल्याकडे.

बुधवारी ८ तारखेला त्यातून पहिला एक्स क्लास फ्लेअर झाला. फ्लेअरचे वर्ग ए, बी, सी, एम, एक्स असे चढत जातात आणि प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. बुधवार-गुरुवार मिळून चार एक्स, त्यातला एक गुरुवारी दुपारी पावणेतीनला एक्स २.२. फ्लेअरचा उजेड आणि एक्स-रे आठ मिनिटात इथे पोचतात, त्यांच्याबद्दल आधी इशारा द्यायला वेळच नसतो, दिसलं तेव्हा झालेलं असतं. आमची खरी काळजी असते ती फ्लेअरसोबत जे बाहेर फेकलं जातं त्याची, सीएमई, म्हणजे अब्जावधी टन प्लाझ्मा आणि त्यात गुंडाळलेलं चुंबकीय क्षेत्र, याला यायला एक ते तीन दिवस लागतात. सोहो नावाचं यान आहे, १९९५ सालचं, अजून चालतंय बिचारं, त्यातला कॅमेरा सूर्याची तबकडी झाकून आजूबाजूचं बघतो आणि सीएमई आपल्या दिशेने सुटला असेल तर त्या झाकणाभोवती सगळीकडून एक कडं फुगताना दिसतं. त्याला हॅलो म्हणतात. एका आठवड्यात एक हॅलो दिसला तरी आम्ही चहा सोडून उठतो, इथे एकामागून एक येत होते.

आणि एकामागून एक आले की गणित बिघडतं, कारण पहिला जातो तो वाट मोकळी करत जातो, मागचा जास्त वेगाने येऊन त्याला गाठतो, दोघं एकमेकांत घुसतात आणि मग पोचतं ते काय असेल हे मॉडेलला पण नीट झेपत नाही. अमेरिकेच्या स्पेस वेदर सेंटरने गुरुवारी जी-४ चा वॉच काढला. त्यांनी जी-४ चा वॉच याआधी काढला होता तो जानेवारी २००५ मध्ये. म्हणजे मी कॉलेजात पण नव्हते तेव्हा. जी स्केल म्हणजे चुंबकीय वादळाची तीव्रता, एक ते पाच, आणि वॉच म्हणजे "येण्याची शक्यता आहे, तयारीत राहा". किमान पाच सीएमई पृथ्वीच्या रोखाने, शुक्रवारी कधीतरी पहिला धडकणार आणि रविवारपर्यंत चालू राहणार असं त्यांचं म्हणणं होतं. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत सेसी नावाचं अवकाश-हवामानाचं केंद्र आहे, ते लोक पण मोठ्या वादळाचं बोलत होते.

आता आमच्या ऑप्स हेडना, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, फक्त एका गोष्टीत इंटरेस्ट होता. बर्न करायचा की नाही.

शुक्रवारी सकाळी मी जरा लवकरच ऑफिसला गेले, घरी अक्षय्य तृतीया, सासूबाईंनी आदल्या रात्रीच सांगून ठेवलेलं की आमरस आहे, सातच्या आत ये. सर आधीच येऊन बसलेले. त्यांनी माझं बुलेटिन प्रिंट काढून त्यावर पेनाने गोल केले होते. "तू लिहिलंयस जी-४ ची शक्यता जास्त, जी-५ नाकारता येत नाही. म्हणजे काय ते सांग. हो की नाही?"

"सर, येणार हे नक्की आहे. कधी, तर आज संध्याकाळ ते उद्या सकाळ. किती लागेल ते बीझेडवर."

"आणि बीझेड कधी कळणार?"

"एलवनला पोचल्यावर."

"म्हणजे पृथ्वीवर यायच्या किती आधी?"

"अर्धा तास. वेग जास्त असला तर त्याहून कमी."

सरांनी पेन खाली ठेवलं. त्यांचं काही चुकत नव्हतं. बर्नच्या कमांड आदल्या दिवशी संध्याकाळच्या पासला, उपग्रह आमच्या अँटेनाच्या टप्प्यात येतो तेव्हा, चढवाव्या लागतात, म्हणजे त्यांना सहाच्या आत उत्तर हवं होतं, आणि मी सांगत होते की उत्तर रात्री कधीतरी मिळेल, तेही अर्धा तास आधी.

हे बीझेड प्रकरण जरा सांगते कारण सगळी मेख तिथेच आहे. सीएमईसोबत जे चुंबकीय क्षेत्र येतं त्याची उत्तर-दक्षिण दिशा म्हणजे बीझेड. ते उत्तरेकडे असेल तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी त्याचं फारसं काही जुळत नाही, बरंचसं घसरून बाजूने निघून जातं. दक्षिणेकडे असेल तर दोन्ही क्षेत्रांच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि सौरवाऱ्यातली ऊर्जा आत ओतायला लागते, तासन् तास. सीएमई किती मोठा, किती वेगात, कुठल्या दिशेने, हे सगळं कॅमेऱ्यात दिसतं, पण त्याच्या पोटातलं चुंबक कुठे तोंड करून आहे ते कॅमेऱ्यात दिसत नाही. पाहुणे गावाहून निघालेत हे कळलंय, कुठल्या गाडीने ते पण कळलंय, पण चहा पिऊन जाणार की आठ दिवस राहणार हे त्यांनी दारात पाऊल टाकल्याशिवाय कळत नाही, तसं. आणि हे दार म्हणजे एलवन, पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला पंधरा लाख किलोमीटरवर, जिथे डिस्कव्हर आणि एस ही अमेरिकेची याने आहेत आणि त्याच वर्षी ६ जानेवारीपासून आपलं आदित्य एल-१ पण.

सरांच्या मनात मार्च होता, माझ्या पण होता. २४ मार्चला, होळीच्याच दिवशी, असाच सीएमई आलेला, मी जी-३ लिहिलेलं, आणि रात्री खरंच जी-४ लागला सुद्धा. पण काही तासांत सगळं विरून गेलं. आम्ही पेलोडचं, म्हणजे उपग्रहावरच्या उपकरणाचं, एक काम पुढे ढकललं होतं, सोमवारी धुळवडीची सुट्टी, मंगळवारी क्लायंटचा फोन की झालं काय नक्की, आणि सरांना सांगावं लागलं की काहीच झालं नाही. तेव्हापासून माझ्या बुलेटिनवर "लांडगा आला रे" अशी कुजबुज सुरू झालेली, तोंडावर कोणी बोलत नाही पण कळतं ना.

मग मी बीझेड सोडून दिलं आणि दुसऱ्या बाजूने गेले. स्टारलिंकचं उदाहरण दिलं. ३ फेब्रुवारी २०२२ ला त्यांनी ४९ उपग्रह सोडले, साधारण २१० किलोमीटरवर, आणि तेव्हा वादळ होतं ते अगदी किरकोळ. तरी वरची हवा तापून फुगली, ओढ वाढली आणि ३८ उपग्रह वर चढूच शकले नाहीत, खाली येऊन जळाले. सर म्हणाले आपण पाचशेवर आहोत, दोनशेवर नाही. बरोबर आहे, म्हटलं, आपला पडणार नाहीच, माझा मुद्दा वेगळा आहे. उद्या दुपारी आपण बर्न करणार म्हणजे आजूबाजूला कोण कुठे असणार याचा अंदाज घेऊन करणार. तो अंदाज आजच्या कक्षेच्या आकड्यांवरून काढलेला. रात्रीतून हवा फुगली तर आपलाच नाही, त्या उंचीवरचा प्रत्येक उपग्रह, प्रत्येक जुना बोल्ट आणि फुटकं रॉकेट अंदाजापेक्षा थोडं खाली येणार आणि थोडं पुढे पळणार. खाली आला की वेग वाढतो, हे उलटं वाटतं पण तसंच आहे. दिवसभरात दोन सेकंदांचा जरी फरक पडला तरी सेकंदाला साडेसात किलोमीटर म्हणजे पंधरा किलोमीटर, आणि टक्कर टाळायचे जे इशारे येतात ते शे-दोनशे मीटरच्या हिशोबाचे असतात. मग आपण कुणाच्या वाटेत चढतोय ते आपल्याला माहीतच नसणार.

सर बराच वेळ बोलले नाहीत. म्हणाले जेवणानंतर बघू.

बाराच्या सुमाराला आम्ही चार-पाच जण गच्चीवर गेलो, कोणीतरी ग्रहणाचे चष्मे आणलेले. पुण्यात शून्य सावलीचा दिवस १३ मेला असतो, म्हणजे सूर्य अगदी डोक्यावर, मान मोडेस्तोवर वर बघायचं आणि ऊन असं की गच्चीच्या फरशीवर चप्पल चिकटत होती. पण दिसला! दुर्बीण नाही काही नाही, नुसत्या चष्म्यातून, सूर्याच्या उजव्या खालच्या अंगाला एक काळा ओरखडा. आमच्या एचआरच्या मॅडमना पण दिसला आणि त्या म्हणाल्या एवढासा? एवढासा म्हणजे त्यात पंधरा पृथ्व्या ओळीने बसतात म्हटल्यावर त्या परत चष्मा लावून बघायला लागल्या. खाली आलो तर स्क्रीनवर एक्स-रेचा ग्राफ सरळ वर. बारा चोवीसला एक्स ३.९, ह्याच डागातून, म्हणजे आम्ही चष्मे एकमेकांना देत होतो त्याच सुमारास. चष्म्यातून अर्थातच काही फरक दिसला नव्हता, पण नाईट शिफ्टचा पोरगा, जो आज दिवसा पण आलेला, तो पुढचे दोन दिवस सगळ्यांना सांगत होता की त्याने फ्लेअर डोळ्याने पाहिला.

जेवण झाल्यावर सरांनी मेल टाकला, बर्न पुढे ढकलला, नवीन तारीख नंतर. शुक्रवार संध्याकाळचं सॉफ्टवेअर अपलोड पण थांबवलं, कारण अपलोड अर्धवट असताना उपग्रह सेफ मोडला गेला, म्हणजे बिघाड वाटून त्याने स्वतःच बाकी कामं बंद केली, तर उगाच डोकेदुखी. स्टार ट्रॅकरवर, म्हणजे तारे बघून दिशा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यावर, नीट लक्ष ठेवायचं, प्रत्येक पासला तापमान आणि मेमरीच्या एरर बघायच्या. मेलमध्ये त्यांनी कारण म्हणून माझं नाव नाही, बुलेटिनचा नंबर लिहिला. हे मला आवडलं. नाव लिहिलं असतं तर क्लायंटने मलाच फोन केला असता, नंबर लिहिल्यावर सरांनाच केला. जाता जाता एका ड्रोन सर्व्हेवाल्यांचा फोन, आमच्याकडून पोझिशनिंगचा डेटा घेतात ते, यवतमाळकडे शनिवारी जमिनीची मोजणी होती. त्यांना सांगितलं सेंटिमीटरची अचूकता हवी असेल तर सोमवारी करा, जीपीएसचा सिग्नल ज्या थरातून येतो तोच हलणार आहे. ते म्हणाले सोमवारी मतदान आहे काही भागात, गाड्या मिळत नाहीत, मंगळवारी करतो.

सातला घरी. आमरस पुरी झाली. नवरा टीव्हीसमोर, गुजरात-चेन्नई मॅच, गिल आणि सुदर्शन दोघांनी शंभर शंभर मारलेले आणि तो चेन्नईवाला असल्यामुळे तोंड पाडून बसलेला. मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसले, एलवनच्या डेटाच्या चार रेघा. वेग, घनता, चुंबकीय क्षेत्र एकूण आणि बीझेड. नऊला काही नाही. साडेनऊला काही नाही. सौरवारा आपला साडेचारशे किलोमीटर सेकंदाला, म्हणजे नेहमीपेक्षा जरासा जास्त. अशा वेळी डोक्यात काय काय येतं, की पहिला बाजूने निघून गेला असेल, की मॉडेल सहा तास चुकलंय, की उद्या सकाळी मला परत "काहीच झालं नाही" हे लिहावं लागेल.

मधे मावशीचा साताऱ्याहून मेसेज, तो नेहमीचा फॉरवर्ड, आज रात्री साडेबारा ते साडेतीन पृथ्वीजवळून वैश्विक किरण जाणार आहेत, मोबाईल बंद करून लांब ठेवा, सिंगापूरच्या टीव्हीवर सांगितलंय. हा फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय, दर वेळी वेळ तीच. मी लिहिलं, मावशी, मोबाईलला काही होत नाही, झोप तू. तिने लगेच लिहिलं, अगं मग तू का जागी आहेस?

दहा वाजून गेले आणि साधारण सातव्या मिनिटाला चारही रेघा एकदम उडाल्या. वेग साडेचारशेवरून सातशेच्या घरात, घनता वर, चुंबकीय क्षेत्र वर. याला शॉक म्हणतात आणि ग्राफवर तो अगदी कात्रीने कापल्यासारखा उभा दिसतो. मी ऑफिसला फोन लावला तर नाईट शिफ्टचा तो पोरगा उचलताच म्हणाला, "मॅडम आला! बघताय ना?" बघतेच आहे रे, बीझेड बघ, बीझेड. पहिले काही मिनिटं बीझेड वर-खाली, वर-खाली, शॉकच्या मागे असा गोंधळ असतोच, त्यावरून काही बोलता येत नाही. मी सरांना मेसेज टाकला, शॉक एलवनला पोचला, पृथ्वीवर साडेदहाच्या आसपास. बीझेड अजून अनिश्चित. सरांचा नुसता अंगठा.

साडेदहानंतर चार-पाच मिनिटांनी जमिनीवरच्या चुंबकीय वेधशाळांमध्ये उडी नोंदली गेली. आणि मग बीझेड खाली गेला. दक्षिणेला. आणि पुन्हा वर येईना.

आपल्याकडे ही चुंबकीय मोजणी फार जुनी आहे, त्या रात्री त्या पोराला मी फोनवर हेच सांगत बसले, कारण दोघांना झोप येणार नव्हती आणि नुसतं ग्राफकडे बघत बसून काही होत नसतं. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी घ्यायचे, माणसं डोळ्याने रीडिंग घ्यायची, दर तासाला, आणि काही गडबड दिसली की अजून लवकर लवकर. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये कॅरिंग्टनने सूर्यावर फ्लेअर पाहिला, जेमतेम साडेसतरा तासात ते वादळ पृथ्वीवर आलं, आणि कुलाब्याच्या वहीत त्या वेळी क्षेत्र साधारण १६०० नॅनोटेस्लाने (चुंबकीय क्षेत्राचं एकक) पडल्याचं नोंदलेलं आहे. जगात त्या वादळाची विषुववृत्ताजवळची अशी मोजणी दुसरीकडे सहज सापडत नाही, आजही लोक त्याच आकड्यावर पेपर लिहितात. पुढे मुंबईत ट्राम विजेवर आणायचं ठरलं आणि विजेच्या ट्रामचा प्रवाह जवळ असला की असली नाजूक मोजणी होत नाही, म्हणून वेधशाळा १९०४ ला अलिबागला हलवली, आणि दोन वर्षं दोन्हीकडे एकदम मोजत राहिले म्हणजे जुन्या आणि नव्या नोंदींची सांधेजोड नीट व्हावी. नानाभाई मूस तेव्हा संचालक होते. अलिबागची नोंद अजून चालू आहे. किनाऱ्यावर उंटावर बसणारे आपण सगळे तिच्या जवळून जातो आणि कुणाला माहीत नसतं. तो पोरगा अलिबागचाच निघाला, त्यालाही माहीत नव्हतं, म्हणाला तो दगडी कंपाउंड म्हणजे ते होय!

अकरा वाजून गेले, मॅच संपली, चेन्नई हरली. बीझेड अजून खालीच. मधे वर यायचा, मला वाटायचं झालं, मग परत खाली. एकूण क्षेत्र सत्तर नॅनोटेस्लाच्या वर जाऊन आलं, बीझेड उणे पन्नासपर्यंत. हे आकडे कसे सांगू, एरवी सौरवाऱ्यात क्षेत्र पाच-सात असतं, वीस झालं की आम्ही ग्रुपवर फोटो टाकतो. मागून दुसरा सीएमई, मग तिसरा, एकात एक घुसलेले, त्यामुळे कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो हे त्या रात्री सांगणं शक्यच नव्हतं, ते पुढे महिनोन् महिने लोकांनी उकललं. पहाटे चार वाजून चोवीस मिनिटांनी अमेरिकेच्या सेंटरने जी-५ जाहीर केला. केपी ९, त्याच्या वर स्केलच नाही. ऑक्टोबर २००३ नंतर पहिल्यांदा.

मी पाचला स्कूटी काढून ऑफिसला गेले. पहिला पास सकाळचा होता. अँटेना ठरल्या वेळेला वळली आणि आमचा उपग्रह थोडासा आधीच हजर. जास्त नाही, पण स्क्रीनवर सिग्नल अपेक्षेच्या आधी उगवलेला स्पष्ट दिसला. तब्येत ठीक, मेमरीत काही एरर, सेफ मोड नाही. सर पण आलेले, रात्री झोपले नव्हते हे चेहऱ्यावर दिसत होतं, पण काही बोलले नाहीत, फक्त कक्षेचे नवे आकडे मागितले. सात वाजायच्या आत अजून एक फ्लेअर, एक्स ५.८, त्याच डागातून, प्रशांत महासागराच्या बाजूला लांब पल्ल्याचा रेडिओ बसला. वादळाची खोली डीएसटी नावाच्या आकड्याने मोजतात, तो सकाळी साडेसात-आठच्या सुमाराला सगळ्यात खाली गेला, उणे चारशेच्या पण खाली. २००३ च्या नोव्हेंबरनंतर एवढा कधी गेला नव्हता.

शनिवारी दुपारी, म्हणजे आमचा बर्न जेव्हा व्हायचा होता तेव्हा, टक्कर-इशाऱ्यांची नुसती झड लागलेली. येत होते आणि अर्ध्या तासात रद्द होत होते आणि परत येत होते, कारण कुणाचीच जागा कुणाला नक्की माहीत नव्हती. त्यात मोठमोठ्या ताफ्यांचे हजारो उपग्रह आपोआप इंजिन लावून आपली उंची सांभाळायला लागले, म्हणजे ज्यांच्या जागेचा आधीच अंदाज नव्हता ते आता हलायला पण लागले. सर ते इशारे एकेक करून वाचत होते. मग म्हणाले, "ह्यात आपण चढणार होतो."

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसलेलं बरं असतं, मार्चचा हिशोब आपोआप चुकता होतो.

इस्रोने नंतर सांगितलं की त्यांच्या कार्टोसॅट-२एफची कक्षा एरवी दिवसाला ३५ ते ४० मीटर घसरते ती ११ मेला १८० मीटर घसरली, ईओएस-०७ ची दिवसाला ३०० मीटरची ६०० मीटर. इनसॅट-३डीएस आणि ३डीआरवरचे स्टार सेन्सर त्यांनी खबरदारी म्हणून बंद ठेवले होते. आपल्याकडे वादळ मुख्यतः रात्री आणि पहाटे लागलं, त्यामुळे आयनोस्फियर, म्हणजे जीपीएसच्या वाटेतला तो वरचा थर, तसा पूर्ण भरलेला नव्हता, नाहीतर जीपीएसचा अजून गोंधळ झाला असता. अमेरिकेत मात्र तो झाला, मक्याच्या पेरणीचे दिवस आणि तिथले मोठे ट्रॅक्टर जीपीएसवर सरळ ओळी धरतात, ते शेतात मधेच उभे. न्यूझीलंडमध्ये वीज ग्रिडवाल्यांनी आधीच काही लाईन बंद करून ठेवल्या. १९८९ च्या मार्चमध्ये कॅनडाच्या क्विबेकमध्ये अशाच वादळाने ग्रिड दीड मिनिटात झोपला होता आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. या वेळी कुठेही तसं मोठं काही झालं नाही, आणि त्यामुळे टीव्हीवाल्यांना बातमी करायला फक्त रंग उरले.

रंग मात्र खरंच होते. लडाखमध्ये हानलेला वेधशाळेच्या कॅमेऱ्यांना मध्यरात्रीनंतर आकाश लाल झालेलं दिसलं, एवढ्या दक्षिणेला. लालच का, तर ऑक्सिजनचा लाल उजेड फार उंचावर, दोनशे किलोमीटरच्या वर तयार होतो, लांबून बघणाऱ्याला क्षितिजावर तेवढाच वरचा भाग दिसतो, खालचा हिरवा पृथ्वीच्या गोलाईआड. शनिवारी संध्याकाळी मावशीने मला तो फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, बघ, तू म्हणालीस काही होत नाही.

टीव्हीवरून एक फोन आला होता, त्यांना "सौर त्सुनामी" असं काही माझ्या तोंडून हवं होतं. मी बीझेड समजावायला लागले तर तिसऱ्या वाक्याला म्हणाले मॅडम थोडक्यात सांगा, प्रलय येणार का. नाही म्हटल्यावर ठेवला.

रविवारी जोर ओसरला. अवकाश-हवामानावर काम करणाऱ्या जेनिफर गॅनन नावाच्या शास्त्रज्ञ २ मेला, म्हणजे वादळाच्या जेमतेम आठवडाभर आधी गेल्या होत्या, त्या क्षेत्रातल्या लोकांनी या वादळाला त्यांचं नाव दिलं, आता सगळीकडे गॅनन स्टॉर्म असंच म्हणतात. सोमवारी १३ तारखेला पुण्यात मतदान, मी सकाळी जाऊन आले, दुपारी साडेबाराच्या सुमाराला सोसायटीत मुलांनी रिकामी बाटली उभी करून तिची सावली गायब होताना बघितली. डाग तोवर सूर्याच्या उजव्या कडेला गेलेला. मंगळवारी रात्री सव्वादहानंतर त्याने जाता जाता एक्स ८.७ सोडला, त्या आठवड्यातला सगळ्यात मोठा, आणि सरांचा दोन मिनिटात फोन. "हा?"

"हा आपल्याकडे तोंड करून नाही सर. कडेवर आहे, सीएमई बाजूला गेलाय."

"बीझेड?"

"लागणारच नाही."

"बरं मग गुरुवारी करू."

गुरुवारी सकाळच्या पासला बर्न झाला, कक्षा हवी तेवढी वर आली, इंधन आधीच्या हिशोबापेक्षा थोडं जास्त गेलं कारण चढायचं अंतरच वाढलेलं. क्लायंटला उशिराचा रिपोर्ट द्यायचा होता, त्यांच्या पोर्टलवर. त्यात उशिराचं कारण निवडायला एक यादी असते, ग्राउंड स्टेशन बिघाड, वीजपुरवठा, मनुष्यबळ, परवानगी प्रलंबित, पाऊस. पाऊस पण आहे! मी खालपर्यंत दोनदा बघितलं, मग "इतर" निवडलं आणि शेजारच्या रकान्यात लिहायला घेतलं तर तिथे पन्नासच अक्षरं चालतात. सर मागे उभे होते. म्हणाले, "सूर्य लिही, नंतर विचारतील तर मी बोलतो."